शुक्रवारची कॉफी

किस्से कोणी बसून गोळा करत नाही हो! आम्हा तिघांचे साठले ते एका काचेच्या भांड्यामुळे. फ्रेंच प्रेसमध्ये कॉफी टाकून गरम पाणी ओतलं की चार मिनिटं थांबावं लागतं, मगच जाळीचा दांडा दाबून चोथा तळाला बसवायचा; आणि आमच्या निजामपुऱ्यात चार मिनिटं गप्प बसणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

भालू, म्हणजे भालचंद्र, गणिताचा रिटायर्ड मास्तर. गजादादा कशेळीचा आगरी, बापजाद्यांच्या जमिनीवर गोडाऊनं बांधून बसलेला. मी भालूच्याच शाळेतला हेडक्लार्क. रोज सकाळी आठला भालूच्या घरी जमायचो. कॉफी करायची त्याची बायको, आमच्या मालतीवहिनी.

* * *

भांडं पुण्याहून त्यांच्या लेकीने, अनघाने पाठवलेलं. गजादादा बघतच राहिला. "ह्ये काय, इंजेक्शन हाय का?"

पहिल्याच दिवशी त्याला दम निघेना. दोन्ही हातांनी दांडा असा दाबला की कॉफी थेट छताला! वहिनी ओरडल्या, "दादा, तुंबलेली मोरी नाही ती!"

तो डाग अजून छतावर आहे. त्या दिवसापासून दांड्याला हात लावायचा तो फक्त वहिनींनी.

* * *

मग वहिनी गेल्या. साधा ताप, आणि चार दिवसांत खेळ खलास.

तेराव्यानंतर भालूने पहिल्यांदा स्वतः कॉफी टाकली. चार मिनिटं झाली. दांड्याला हात लावणार कोण? तिघंही भांड्याकडे बघत बसलो. आणि दांडा आपला आपण, अगदी सावकाश, खाली जायला लागला. पार तळापर्यंत गेला.

भालू शांतपणे म्हणाला, "आली."

मी खुर्चीसकट मागे सरकलो. गजादादा तर चपला न घालताच जिना उतरला!

* * *

मग ते रोजचंच झालं. भालू दोन कप भरायचा, एक समोर ठेवायचा. घराबाहेर पडणं बंद. जेवण म्हणजे चमचाभर भात. मास्तर डोळ्यांदेखत वाळत चालला. अनघा न्यायला आली तर म्हणाला, "मी पुण्याला गेलो तर ती इथे येऊन कोणाला बघेल?"

पोरगी जिन्यात उभी राहून रडली. "काका, बाबा असेच राहिले तर मी त्यांनाही गमावेन हो."

* * *

गजादादाने गावाकडून भगत आणला. भगताने भांड्याभोवती तांदूळ टाकले, डोळे मिटले, बराच वेळ घुमला. शेवटी त्याने समोरचा, वहिनींसाठी भरलेला कप उचलला आणि घटाघट पिऊन टाकला!

"बाय चांगली हाय," तो म्हणाला, "पन साखर घालीत न्हाय."

गंमत म्हणजे वहिनी खरंच बिनसाखरेची प्यायच्या. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असेल तर त्या कपाने!

* * *

मी पडलो क्लार्क. पुराव्याशिवाय सही करत नाही. एके सकाळी टेबलावर तळहात ठेवला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टेबल थरथरत होतं! भालूच्या घराखाली लूम आहेत, कापड विणायचे यंत्रमाग, चोवीस तास खडखड. आम्हाला सवयीने ऐकूच येत नाही. त्या थरथरीनेच दांडा खाली बसत असणार. आधी वहिनी वेळेवर दाबायच्या, म्हणून कधी कळलं नाही.

"भालू, मंदीमुळे या आठवड्यापासून दर शुक्रवारी लूम बंद राहणार आहेत. त्या दिवशी बघू."

शुक्रवारी आठला घरात एवढी शांतता की घड्याळ ऐकू येत होतं. चार मिनिटं झाली. सहा. दहा. दांडा जागचा हलला नाही. गजादादाने सुटकेचा निःश्वास टाकला.

भालूने आपला हात दांड्यावर ठेवला आणि हळूहळू खाली दाबला. "म्हणजे ती नव्हतीच," म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला.

बरोबर ठरल्याचा एवढा राग मला जन्मात आला नव्हता. दोन दिवसांनी तो पुण्याला गेला. भांडं तेवढं पिशवीत घालून नेलं.

* * *

परवा अनघाचा फोन आला. मी पहिलं विचारलं, "जेवतो का ग?"

"जेवतात. पोळी मागून घेतात! काका, एक विचारू? हसू नका. सकाळी आठ वाजले की आमचं डायनिंग टेबल थरथरतं. बाकी घरात काही हलत नाही, फक्त टेबल. आणि कॉफीचा दांडा आपोआप खाली जातो. बाबांना विचारलं तर नुसते हसतात."

अनघाचं घर तिथे नवव्या मजल्यावर. खाली लूम नाहीत, बाग.

"पाण्याचा पंप असेल ग," मी म्हणालो.

"पंप असता तर रोज चालला असता ना, काका? शुक्रवारी काहीच हलत नाही. त्या दिवशी बाबा स्वतःच दाबतात."