सतराच्या पाढ्याची धाप

आमच्या थोरल्या मुलीला दमा आहे हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली. ती तेव्हा आठ वर्षांची होती. आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहत होतो. शाळेत जाताना ती मैत्रिणींच्या मागे पडे, जिना चढताना मध्येच पायरीवर बसे. पण खरी धाप लागायची ती दिवेलागणीला, मी परवच्याला बसवलं की. सोळापर्यंतचे पाढे नीट जात आणि सतराला छाती वाजू लागे. नेमकी अवघड पाढ्यांपाशी. माझा संशय तिथेच बसला.

"रविवारी लंगडी खेळताना बरी नाही लागत गं धाप?" मी विचारायचो. ती खाली बघायची.

"अहो, पोर काय नाटक कंपनीत आहे?" बायको म्हणायची. मला वाटे, हीसुद्धा लेकीला सामील आहे.

डॉक्टरांनी घरातली हवा स्वच्छ ठेवायला सांगितलं होतं. म्हणून परवच्याआधी मी स्वतः धुपाटण्यात निखारे घालून ऊद टाकायचो, आणि डास येतात म्हणून खिडकी लावून घ्यायचो. धुपानं हवा शुद्ध होते, हे आमच्याकडे कुणी कधी तपासलं नव्हतं.

पुढे भाऊबंदांत कुणी वारलं. दहा दिवस सुतक. देवपूजा बंद, धूप बंद. परवचा मात्र मी चालू ठेवला; पाढ्यांना कसलं आलंय सुतक? तिनं रोज एकोणतीसपर्यंत न थांबता म्हटलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग कोनाड्यातल्या रिकाम्या धुपाटण्याकडे.

मला तेव्हाच कळलं होतं. तरी मनाशी म्हटलं, पोरगी हुशार आहे, पकडली जाणार म्हणून सोंग टाकलं असेल. अकराव्या दिवशी मी मुद्दाम निखारे जास्त घातले, धुपाटणं तिच्याजवळ सरकवलं आणि म्हणालो, "म्हण. सतरापासून."

"सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस." ती खोकला दाबत होती. खोकली तर मी सोंग म्हणेन, म्हणून. "सतरा त्रिक..."

तिचे ओठ निळे पडले. बायकोनं तापलेलं धुपाटणं तसंच उचलून गॅलरीत नेलं. हात भाजला, पण तिनं ते मध्ये टाकलं नाही.

श्वास ठिकाणावर यायला तासभर गेला. मग मी विचारलं, "धुरानं होतं, हे सांगितलं का नाहीस?"

"देवाचं होतं ना ते." मग म्हणाली, "आणि तुम्हाला खरं वाटलं नसतं."

त्यानंतर आमच्याकडे धूप लागला नाही. दमा गेला नाही, पण संध्याकाळ तिची झाली. ती अंगणात ठिकऱ्या खेळू लागली.

आता ती सासरी असते. माहेरी आली की उंबऱ्याशी क्षणभर थांबते, हवेचा वास घेते, मग माझ्या हातांकडे बघते. मी दोन्ही हात पुढे करून दाखवतो. मगच ती आत येते.