बाईंचं ऑनलाइन रागावणं

जगात जेवढ्या म्हणून चुका होतात त्या सगळ्या आपल्या नजरेखालून गेल्याच पाहिजेत, आणि दुरुस्त केल्याखेरीज त्यांतली एकही पुढे जाता कामा नये, अशी माझ्या जर्मनीतल्या, येना गावच्या घरमालकीणबाईंची ठाम समजूत होती. त्यांच्या पर्समध्ये घराची किल्ली एखाद्या वेळी नसे, पण लाल पेन नाही असं कधी झालं नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या पाटीत नको तिथे एक स्वल्पविराम लोंबत होता. बाई रोज सकाळी पाव घ्यायला जात, पाटीकडे बघत, आणि पैसे देता देता बेकरीवाल्याला म्हणत, "अजून तिथेच आहे." ट्रामच्या थांब्यावर 'गाडी उशिरा येईल' अशी सूचना लागली की बाकीचे लोक गाडीवर चिडत, बाई सूचनेच्या व्याकरणावर. भाचीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा त्यांनी तीत दोन चुका दुरुस्त केल्या आणि आहेराबरोबर पत्रिकाही परत पाठवली. भाचीला राग आला असेल असं मी म्हणाले, तर म्हणाल्या, "का? आहेर चांगला होता."

मी तेव्हा येनाच्या विद्यापीठात भिंगांवर पीएचडी करत होते आणि बाईंच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहत होते. मनातल्या मनात मी त्यांना 'बाई'च म्हणायचे, कारण साताऱ्याच्या शाळेत ज्या जातीच्या माणसांना आम्ही बाई म्हणत असू, नेमकी तीच जात ही. उंच, सरळ, केस चापून बसवलेले, आणि आपण काहीही केलेलं नसताना आपल्याला अपराधी वाटायला लावणारी नजर. माझं आडनाव काळे. अख्ख्या येनात मला लोक 'फ्राउ काले', म्हणजे श्रीमती काले, म्हणत आणि मीही सोडून दिलं होतं. बाईंनी सोडलं नाही. "हा उच्चार बरोबर नाही ना? तुमच्या चेहऱ्यावर दिसतं," असं म्हणून त्यांनी मला समोर बसवलं, जीभ कुठे लागते ते विचारून घेतलं, आणि पुढचे कितीतरी दिवस साठीला टेकलेली ती जर्मन बाई भांडी घासताना "ळ, ळ, ळ" करत होती. शेवटी एका सकाळी जिन्यातून खणखणीत हाक आली, "फ्राउ काळे!" माझ्या हातातला कप पडता पडता राहिला. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तू पीएचडीला गेली आहेस की तिच्या शाळेत नाव घातलंस?"

बाई शाळेत इंग्रजी शिकवत. पण मुळात त्या रशियनच्या. बर्लिनची भिंत होती तोवर पूर्व जर्मनीतल्या प्रत्येक मुलाला रशियन शिकावंच लागे, आणि बाईंच्या वर्गात तर ते यावंच लागे. मग भिंत पडली आणि एका उन्हाळ्यात रशियनचे वर्ग ओस पडले. बाईंना सांगण्यात आलं की नोकरी हवी असेल तर इंग्रजी शिका. चाळिशी ओलांडलेल्या बाई विशीच्या मुलांबरोबर बाकावर बसल्या, परीक्षा दिल्या, आणि इंग्रजीच्या शिक्षिका झाल्या. त्यांचं व्याकरण इतकं निर्दोष होतं की कुठलाही इंग्रज माणूस त्यांच्यासमोर अडाणी वाटला असता. उच्चार मात्र मॉस्कोहून थेट आलेले. 'गुड मॉर्निंग' म्हणाल्या तरी कुणाला तरी अटक होणार आहे असं वाटे. त्याबद्दल कुणी काही म्हणायची हिंमत करत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं. म्हणून एका संध्याकाळी त्या शाळेचं एक परिपत्रक घेऊन वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी प्रथमच जरा उतरलेला पाहिला.

दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं आणि शिक्षणखात्याला इंटरनेटचा शोध लागला होता. भाषेच्या सगळ्या शिक्षकांनी ऑनलाइन शिकवायला आणि ऑनलाइन प्रश्नमंजुषा तयार करायला शिकायचं होतं. त्यासाठी फोर्टबिल्डुंग, म्हणजे प्रशिक्षण, तेही शनिवारी.

"तुम्ही माझ्याबरोबर याल," बाई म्हणाल्या. "मी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे."

"पण मला त्यातलं काही येत नाही. मी भिंगांवर काम करते."

"तुम्ही भारतीय आहात," त्या म्हणाल्या. त्या काळी जर्मनीत हे एवढं पुरे असे. मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला एकदा पुसून पुन्हा लिहिलेलं आहे, फ्राउ काळे. आणखी एकदा पुसलं तर कागद फाटेल."

यावर नाही म्हणणं शक्य नव्हतं.

प्रशिक्षणाची सुरुवात संगणकाच्या खोलीच्या बंद दारासमोर झाली. किल्ली शाळेची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरकडे, आणि हाउसमाइस्टर दुसऱ्या न्याहारीला गेलेले. माणूस न्याहारीला असताना त्याच्याकडे किल्ली मागणं जर्मनीत बसत नाही, त्यामुळे इंग्रजी, फ्रेंच आणि लॅटिनचे डझनभर शिक्षक कॉरिडॉरमध्ये माहितीयुगाची वाट बघत उभे राहिले. शिकवणारा तरुण पश्चिमेकडून आला होता. टोकदार बूट, नारिंगी शर्ट, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक हसू. दार उघडल्यावर तो म्हणाला, "आल्झो, तर पहिली गोष्ट! आजपासून आपल्याकडे चुकीचं उत्तर असं काही नसतं!"

बाईंनी हात वर केला. "मग आम्हाला शनिवारी कशासाठी बोलावलंत?"

त्याने हसून ते झटकलं आणि पडद्यावर नमुन्याचा प्रश्न टाकला. एक वाक्य, मध्ये गाळलेली जागा, खाली चार पर्याय. एकावर टिचकी मारली की संगणक निकाल देणार. साधी गोष्ट. पण खोलीत बारा जर्मन भाषाशिक्षक होते. फ्रेंचचे सर म्हणाले, दुसरा पर्यायही बरोबर आहे, फक्त बोलणारा रागात असला पाहिजे. लॅटिनच्या बाई म्हणाल्या, चौथा तर पहिल्याहून अधिक बरोबर आहे, प्रश्नच चुकला आहे. कुणीतरी व्याकरणाचं पुस्तक आणायला गेलं. नारिंगी शर्टाने घाईघाईने पहिल्या पर्यायावर टिचकी मारली आणि संगणकाने रंगीबेरंगी अक्षरांत 'सुपर! असंच चालू दे!' म्हटलं. बारा शिक्षकांनी त्या पडद्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माझ्या आजीने पहिल्यांदा पिझ्झाकडे पाहिलं होतं. त्या दिवशी दुसरा प्रश्न काही झाला नाही. कॉफीची सुट्टी मात्र मिनिटावर झाली.

पुढचं शिक्षण आमच्या स्वयंपाकघरात पार पडलं. बाईंनी घरचा संगणक ब्रेडच्या डब्याशेजारी मांडला आणि शाळेत जायच्या कडकपणाने त्यासमोर बसायला लागल्या. माउस धरताना खडू धरल्यासारखी बोटं. पण आठवीच्या वर्गासाठी प्रश्न त्यांनी फार सुरेख काढले. कुठलं मूल कुठे घसरणार हे त्यांना आतून माहीत होतं, त्यामुळे प्रत्येक चुकीचा पर्याय हा कुणा तरी ठरावीक मुलासाठी खणलेला खड्डा होता. सगळं झालं, आणि बाई 'सुपर'पाशी अडल्या.

"हे काढून टाका. तीस वर्षांत मी कुणालाही सुपर म्हटलेलं नाही."

"मग काय लिहायचं?"

"बरोबर. पुढे."

"आणि चुकलं तर?"

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि सांगायला सुरुवात केली. मी टाइप करत गेले. एका पर्यायाला, 'चूक. उत्तर शोधताना छताकडे बघू नकोस, तिथे लिहिलेलं नाही.' दुसऱ्याला, 'चूक. हे विचार करून दिलं असशील तर काळजीची गोष्ट आहे, न करता दिलं असशील तर निर्लज्जपणाची.' तिसऱ्याला, 'चूक. आता ऊठ, खिडकी उघड, पाणी पी, आणि माणसासारखा परत येऊन बस.' प्रत्येक प्रश्नाच्या प्रत्येक चुकीला वेगळं रागावणं, एकही पुन्हा नाही. मला वाटलं, दोन दिवसांत पालकांच्या तक्रारी येणार.

तक्रारी आल्या नाहीत. आला तो मुख्याध्यापकांचा निरोप. बाईंना भेटायला बोलावलं होतं, प्रशिक्षणवाला तरुणही येणार होता. बाईंनी लग्नकार्याला घालावा तसा गडद निळा कोट घातला. मीही बरोबर होते, भारतीय म्हणून.

मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक आलेख पसरला होता. सगळ्या शाळेत सर्वांत जास्त वापरली गेलेली प्रश्नमंजुषा बाईंची होती. आणि सगळ्या शाळेत सर्वांत जास्त चुकीची उत्तरंही तीतच होती. लाल रेघ कागदाच्या वरच्या कडेला जाऊन भिडली होती.

"दोष द्यायचा नाहीये," तरुण हसून म्हणाला, "पण मुलांना विषयच कळलेला नाही, असं दिसतंय. कदाचित मूळ शिकवण्यातच... म्हणजे इंग्रजी तुमचा मूळचा विषय नव्हे ना?"

बाई लाल रेघेकडे बघत होत्या. ज्या गोष्टीला त्या पंधरा-सोळा वर्षं भीत आल्या होत्या, ती आता कागदावर छापून समोर आली होती. कुठल्याही वाक्यात काहीही दुरुस्त न करता बाई गप्प बसल्या आहेत, हे मला बघवेना. मी म्हटलं, मुलांनी कुठली उत्तरं कुठल्या क्रमाने दिली, ते बघता येईल का?

ते बघता येत होतं. तरुणाने यादी उघडली आणि मी प्रयोगशाळेतल्या सवयीने वाचत गेले. थोड्या वेळाने मला हसू आवरेना.

"मुख्याध्यापकसाहेब, ज्याला येत नाही त्याचंही मधूनमधून चुकून तरी बरोबर येतं. या मुलांचं पहिल्या फटक्यात एकदाही चुकून बरोबर आलेलं नाही. प्रत्येक प्रश्नाला आधी तिन्ही चुकीची उत्तरं आणि शेवटी बरोबर. यांना सगळं येतंय."

"मग चुकतात कशाला?"

"तिन्ही रागावणी वाचायला."

मुख्याध्यापकांनी संगणक स्वतःकडे ओढला, एका प्रश्नाचं उत्तर मुद्दाम चुकवलं आणि वाचलं. मग आणखी एक चुकवलं. तिसऱ्याला ते इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. बाई ताठ बसून होत्या. परतताना अर्धा रस्ता संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे ती मुलं घरी बसून, कुणी सांगितलेलं नसताना, माझं बोलणं वाचत होती?"

"हो."

"मूर्ख आहेत," बाई म्हणाल्या. त्या दिवशी बेकरीच्या पाटीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

पण आलेख शिक्षणखात्याकडे जाणार होता, आणि खात्याला विनोद पाठवता येत नाही. चारच दिवसांत फर्मान आलं की प्रतिसादाची वाक्यं सर्वत्र एकसारखी आणि प्रोत्साहन देणारी असावीत. बाईंची सगळी रागावणी एका टिचकीत पुसली गेली आणि त्या जागी 'सुपर! असंच चालू दे!' बसलं, चुकीच्या उत्तराला 'जवळजवळ!' लागलं. मुलांनी दोन दिवस जाऊन पाहिलं आणि मग जायचं बंद केलं. वर्गातली एकच सिन्सियर मुलगी तेवढी जात राहिली आणि तिचं कधी चुकत नसे, त्यामुळे लाल रेघ तळाला गेली आणि बरोबर उत्तरांची हिरवी आकाशाला. प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती. बाईंना प्रशस्तिपत्र मिळालं. त्यांनी ते वाचलं, पर्स उघडली, पेन बाहेर काढलं, आणि पुन्हा आत ठेवलं. "एकही चूक नाही," त्या म्हणाल्या. इतक्या निरुत्साहाने ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती.

त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी शाळेत फुलं, भाषण आणि केक असं रीतसर झालं. संध्याकाळी मी त्यांना ओढून नदीकाठी फिरायला नेलं. पुलाजवळच्या आइस्क्रीमच्या दुकानासमोर आठवीची तीन मुलं उभी होती, दोन मुलगे आणि एक मुलगी. बाईंना पाहताच तिघांनी पाठी सरळ केल्या. 'गुटेन टाग' असा नमस्कार झाला. आइस्क्रीम वितळायला लागलं. अचानक त्यातला उंच मुलगा इंग्रजीत म्हणाला, "येस्टरडे आय गो टू द स्कूल."

बाईंची मान वळली. "येस्टरडे तू काय केलंस? वर्षभर तू माझ्या वर्गात बसला होतास की तुझा कोट बसला होता?"

मुलाचा चेहरा उजळला. लगेच दुसरा पुढे सरकला. "शी डोन्ट लाइक आइस्क्रीम."

"आवडणारही नाही, तू असं बोलायला लागलास तर!"

मग मुलगी घाबरत घाबरत काहीतरी म्हणाली, तिलाही मिळालं. पुन्हा उंच मुलगा. बाई कमरेवर हात ठेवून, रशियन उच्चारांच्या त्या खणखणीत इंग्रजीत एकेकाला झोडपत होत्या, आइस्क्रीम तिघांच्या मनगटांवरून ओघळत होतं, आणि येणारेजाणारे वळून बघत होते की ही म्हातारी या गुणी पोरांना का छळते आहे. पोरं हसत नव्हती. एकही शब्द सुटू नये म्हणून ऐकत होती.

मुलं गेल्यावर आम्ही घराकडे वळलो. बाईंना हे कळलंय की नाही, मला अंदाज येईना. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर बाई थांबल्या.

"ते दोघे मुद्दाम चुकत होते," त्या म्हणाल्या. "त्या मुलीची चूक मात्र खरी होती. सुट्टी संपली की बघते तिच्याकडे."

सुट्टी संपल्यावर त्या वर्गावर दुसरं कुणी असणार होतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. बाईंचं बोलणं प्रथमच चुकलं होतं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.