रावसाचे टाको आणि माझी संकष्टी

घ्या, चिवडा घ्या. नाही नाही, मी नाही घेणार, मला नुसता चहा. का नाही घेणार, ते कळायला आधी माझी फजिती ऐकावी लागेल. आणि हसायला आलं तर खुशाल हसा. आमच्या घरात सगळ्यांचं हसून झालंय.

तर आमची मृणाल. पोरीने स्वतःचं स्वतः जमवलं. मुलगा प्रथमेश, मांजर्लीचा. आम्ही बदलापूर पूर्वेला, ते पश्चिमेला, मधे फक्त रेल्वेचे रूळ. पण भोईर मंडळी मूळची इथलीच, आगरी. शेती, जमीन, शिवाय वाळू-सिमेंटचा धंदा. आणि आम्ही आपले नोकरीसाठी आलो आणि फ्लॅट घेऊन राहिलो.

मुलगा तयार, मुलगी तयार, मुलाची आई तर केव्हाच तयार. गाडी अडली होती मुलाच्या वडिलांपाशी. दशरथशेठ हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. "एकदा त्यांचे घरी जेवाला जाव, मंग बोलू," एवढंच त्यांचं म्हणणं.

मृणालने मला गॅलरीत गाठलं. "बाबा, त्यांना वाटतं आपण वरणभातवाली माणसं आहोत. मी त्यांच्या घरात टिकणार नाही, असं म्हणतात ते. प्लीज, तुम्ही मस्त मासे करा ना."

डोळ्यांत पाणी होतं हो पोरीच्या. बाप विरघळणार नाही तर काय!

आता, रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. निदान माझी तशी समजूत आहे. माझी बायको सुनंदा म्हणते, ती मला तिथे सहन करते. असो. पण प्रश्न असा की आगरी माणसाला मासे करून घालायचे काय? कालवण केलं तर त्यांच्या घरच्या कालवणाशी तुलना होणार. तळले तर तळलेल्याशी. दोन्हीकडे मी चारीमुंड्या चीत!

मग मी डोकं लढवलं. त्यांनी जन्मात खाल्लं नसेल असं काहीतरी करायचं. तुलनाच नाही तर हरणार कसा? मोबाइलवर व्हिडिओ बघता बघता सापडलं. फिश टाको! मक्याच्या छोट्या पातळ पोळ्या, त्यात मासा, वर कोबी, कांदा-टोमॅटो, लिंबू आणि मेयोनीजची चटणी. मासा एक तर पिठात बुडवून तळायचा नाही तर ग्रिल करायचा. मला ठरवता येईना, म्हणून म्हटलं दोन्ही करू. होऊ दे खर्च!

आता तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे मासे करायचे म्हणजे माशाआधी वार बघावा लागतो. सुनंदाचा सोमवार. माझा गुरुवार. प्रथमेशच्या आईचा शनिवार. मंगळवारी त्यांच्या घरी देवीचं असतं. मी सगळ्यांचे वार विचारून घेतले आणि रविवार पक्का केला. रविवार म्हणजे तर मासळीचाच वार! अंबरनाथच्या फॅक्टरीत मी आयुष्यभर क्वालिटी कंट्रोलला होतो. दुसऱ्यांच्या चुका पकडायचाच पगार घेतला. माझ्या नियोजनात चूक निघेल?

निघाली. सांगतो.

सुनंदा शुक्रवारपासून अंबरनाथला तिच्या बहिणीकडे होती, रविवारी संध्याकाळी येणार होती. म्हणजे घरात मी एकटा राजा! सकाळी कुळगावच्या बाजारातून रावस आणला, असा ताजा की विचारू नका. जांभळा कोबी आधीच उल्हासनगरहून, कॅम्प तीनच्या मार्केटमधून आणून ठेवला होता. समोरच्या फ्लॅटमधल्या जया आंटींकडून त्यांचा विजेवरचा ग्रिल मागून आणला. या आंटी सिंधी, कॅम्प तीनला त्यांच्या मुलांचा जीन्सचा कारखाना आहे. ग्रिल देताना म्हणाल्या, "भाईसाब, शादी पक्की हो गई तो मेरे को भी खिलाना."

संध्याकाळी सहाला काय थाट होता सांगू! निम्म्या तुकड्यांना मिरची-लसूण-लिंबाचं वाटण चोळलेलं, निम्मे पिठात बुडायला तयार. पीठ सोडा वॉटर घालून भिजवलेलं. ग्रिल तापतोय. आणि मी मृणालने दिलेला नवा अ‍ॅप्रन बांधून मधोमध उभा.

दार उघडून सुनंदा आत आली. हातातला डबा ओट्यावर ठेवत म्हणाली, "ताईने मोदक दिलेत. आज संकष्टी ना."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

"काय आज?"

"संकष्टी. अहो, कॅलेंडर नाही का बघितलं?"

आमच्या स्वयंपाकघरात खिळा एकच. त्यावर कॅलेंडर. आणि त्याच खिळ्यावर, महिनाभर, कॅलेंडरच्या पुढ्यात माझा अ‍ॅप्रन! मी वळून बघितलं. अ‍ॅप्रन आज अंगावर असल्यामुळे कॅलेंडर उघडं पडलं होतं, आणि रविवारच्या चौकोनात गणपतीबाप्पा बसून माझ्याकडे बघत होते.

तसं आमच्या घरी संकष्टी कोणी करत नाही. पण भोईर? त्यांच्याकडे अकरा दिवसांचा गणपती असतो. मूर्ती एवढी मोठी की दाराची चौकट काढावी लागते, फोटो बघितलाय मी! असला माणूस संकष्टीला रावस खाईल?

"बाबा, मी प्रथमेशला फोन करून विचारते," मृणाल म्हणाली.

"खबरदार!" मी ओरडलो. "यांना संकष्टीसुद्धा लक्षात राहत नाही, असं म्हणतील. तुझं लग्न तिथेच मोडेल."

आता कळतं, एक फोन केला असता तर सगळं निभावलं असतं. पण मानी माणसाला फोन जड होतो हो.

पुढच्या अर्ध्या तासात आमच्या घरात जी धावपळ झाली, ती फॅक्टरीत आग लागली तेव्हाही झाली नव्हती. मासे, पीठ, पोळ्या, कोबी, ग्रिल, सगळं उचलून जया आंटींकडे पोचवलं. "आंटी, तुम्हीच करा आणि तुम्हीच खा!" नशिबाने सुनंदाने बहिणीच्या घरून भिजवलेला साबुदाणाही आणला होता. तिने खिचडी टाकली. मी खिडक्या उघडल्या, पंखे लावले आणि उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला. घरात एवढा धूर झाला की मृणालला खोकला लागला.

तेवढ्यात बेल वाजली.

दशरथशेठ, वहिनी आणि प्रथमेश. शेठ म्हणजे भरदार माणूस, पांढरा शर्ट, गळ्यात साखळी. आत पाऊल टाकताच त्यांनी नाक वर केलं. "कसला वास येतंय?"

"धूप आहे, धूप!" मी म्हणालो. "आज संकष्टी ना. आमच्याकडे फार कडक असते. मी तर लहानपणापासून करतो."

मृणालला पुन्हा खोकला लागला.

दशरथशेठनी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी जमिनीकडे. मग ते म्हणाले, "हां हां. आमचा पन उपास हाय. चंद्र निंगला का बसू."

बघा! मी सुनंदाला डोळ्यांनीच खुणावलं. वाचलो की नाही?

मग सुरू झालं ते चंद्राची वाट बघणं. चंद्रोदय नऊच्या पुढे. शिवाय आमच्या पूर्वेच्या खिडकीसमोर नवीन टॉवर झालाय, म्हणजे चंद्राला तो चढून यावं लागतं. गप्पा संपल्या. पाणी पिऊन झालं. शेठचं पोट मधूनच गुरगुरायचं आणि आम्ही सगळे ऐकू न आल्यासारखं करायचो.

आणि मग समोरून वास आला. जया आंटींनी ग्रिल लावला होता! लसणाचा, लिंबाचा, भाजलेल्या रावसाचा वास दाराखालून सरळ हॉलमध्ये. दशरथशेठनी डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. अथर्वशीर्ष ऐकतानाही कोणाचा चेहरा एवढा शांत होत नाही.

"शेजारी... सिंधी आहेत," मी पुटपुटलो.

"सुखी मानसं हायेत," शेठ म्हणाले.

पुन्हा बेल. दारात जया आंटी, हातात भलंमोठं ताट, त्यात ओळीने मांडलेले टाको. "भाईसाब! आपका फिश तो एक नंबर बना, साईं! बच्चे बोले, मम्मी, अंकल ने इतनी मेहनत की है, मेहमानों को तो खिलाओ!"

मला खरंच भीती वाटली. उपासाच्या दिवशी घरात मासे करणारा, वर तोंडावर खोटं बोलणारा माणूस! पोरीचं लग्न मी माझ्या हाताने बुडवलं. मृणालकडे बघायची हिंमत होईना.

शेठ हळूच म्हणाले, "हे तुमी केलंव?"

मी जया आंटींकडे बघायला लागलो. पण सुनंदा! ती शांतपणे पुढे झाली. "हो, ह्यांनीच केलं. तुमच्यासाठी. ह्यांचा स्वतःचा कडक उपास, पण पाहुण्यांना मासे आवडतात म्हणून सकाळपासून राबलेत. मग वाटलं, तुमचीही संकष्टी असेल, म्हणून शेजारी दिले."

शेठनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा आवाज बदलला होता. "खरं सांगू काय? मना उपास-बिपास काय नाय. तुमी बोलले म्हनून मी बोल्लो, उगाच तुमचा मान मोडायचा कशाला! अवो, नदीचं पानी घरात शिरलं तवा मी माळ्यावर बसून सुकं बोंबील भाजून खाल्लंव. रविवार सोडला नाय कंदी! पोरगा बोल्ला मासे हायेत, म्हनून सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय."

मग काय विचारता! ताट मधे आलं. शेठनी पहिला टाको दोन घासांत संपवला. "ही काय भाकरीची होडी केलीव! पन मासा झकास." वहिनींना पिठातला आवडला, प्रथमेशला ग्रिलवाला. जया आंटीही मांडी घालून बसल्या. मीही हात पुढे केला.

"अहो!" सुनंदाने माझं मनगट धरलं. "तुमचा उपास ना? चंद्र कुठे उगवलाय अजून?"

मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. पण तिच्या डोळ्यांत जे काही चाललं होतं ना, ते मला लग्नापासून ओळखीचं आहे.

दशरथशेठ हात धुऊन आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बास. मना आनखी काय बघायचं नाय. सोताचा कडक उपास असून जो पाहुन्याला मासली रांधतो, त्याचे घरची पोरगी मी डोळे मिटून घेतंव. लग्न पक्कं!"

मृणाल रडायला लागली, वहिनींनी तिला जवळ घेतलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. समोर ताटात शेवटचा टाको होता. तो जया आंटींनी उचलला.

लग्न होऊन दोन वर्षं झाली. पोरगी सुखात आहे, मासे साफ करण्यात सासूच्या पुढे गेलीय. आणि दर संकष्टीला सकाळी माझा फोन वाजतो. "व्याही, आज तुमचा कडक उपास ना? सांभालून हां!" संध्याकाळी तर ते स्वतः येऊन बसतात, माझ्याबरोबर चंद्र बघायला. येताना घरून रावसाची तळलेली तुकडी आणतात, सुनंदासाठी. माझ्यासाठी एक केळं.

व्याही येतीलच आता. किती वाजले हो? जरा त्या खिडकीतून बघा ना, टॉवरच्या वर काही दिसतंय का.