समोरची गॅलरी

पुलाखाली राहणाऱ्या पाच-सहा मुलींना घेऊन सुमनताई आमच्या समोरच्या इमारतीत राहायला आल्या आहेत. काल त्यांच्या गॅलरीत मुलींचे गणवेश वाळत होते. ते पाहून त्या सोसायटीचे अध्यक्ष खालूनच ओरडले, "बाई, कपडे मागच्या बाजूला घाला. समोरून बरं दिसत नाही."

सुमनताई काही बोलायच्या आत मुलींमधली धाकटी रेश्मा कठड्याशी आली. "मागं ऊनच येत नाही, काका. ओल्या कपड्यांनी शाळेत जाऊ का?"

मी माझ्या खिडकीत उभी होते. मनात आलं, याच मुलींचे कपडे पुलाखाली वाळायचे, तेव्हा कुणालाच खुपले नाहीत. त्यांना घर मिळालं आणि आपले डोळे उघडले. आता त्यांनी मागच्या बाजूला राहावं, हळू हसावं, सतत उपकार मानावेत. का म्हणून? मान खाली घालायला लावणाऱ्या छपराला आसरा कसं म्हणायचं?

आज सकाळी रेश्माने कपडे पुन्हा समोरच वाळत घातले. अध्यक्षांनी खालून तिच्याकडे रोखून पाहिलं. ती आत पळाली नाही. तीही त्यांच्याकडे बघत राहिली, आणि नजर आधी त्यांनीच वळवली.