साखरपुड्यातला काळा कौल

साखर आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांची अभिक्रिया मी नोकरीभर वर्गात दाखवली. साखरपुड्यात मात्र एकदाच.

साखरपुडा पुतणीचा, शमाचा. पेडण्याला, भावाच्या घरी. मुलाकडची मंडळी नार्व्याहून वेळेवर आली, भटजी आले नाहीत. वाट पाहता पाहता मुलाच्या काकांनी हल्लीच्या शिक्षकांवर मत मांडलं: नुसतं पुस्तकी शिकवतात. (मत मांडताना ते उभे राहत. त्यांनी बसावं म्हणून लोक माना डोलवत.)

मी निवृत्त झालो होतो, पण माझी आम्लाची बाटली निवृत्त झाली नव्हती. घर शेजारीच, घेऊन आलो. भावाने पोफळींच्या फवारणीसाठी ठेवलेला मोरचूद काचेच्या ग्लासात घेतला, वर आम्ल ओतलं. निळे खडे हळूहळू पांढरे झाले.

"आम्ल त्यातलं पाणी ओढून घेतं," मी म्हणालो.

काका बसले. मी तिथेच थांबायला हवं होतं.

"आणि सुक्या साखरेत कुठलं हो पाणी, मास्तर?" काकांनी बसूनच विचारलं.

मी दुसरा ग्लास घेतला आणि हाताशी होती ती साखर उचलली.

"भावजी, ती पुड्याची साखर," वहिनी म्हणाली.

"चिमूटभर," म्हणत मी मूठभर घेतली.

साखर पिवळी झाली, तपकिरी झाली, काळी झाली, आणि वाफा सोडत कोळशाचा खांब ग्लासाबाहेर येऊ लागला. वर्गात या क्षणी टाळ्या पडतात. इथे सगळे खोकले.

"शुभाची साखर काळी पडली. हें लक्षण बरें न्हय," मुलाची आते म्हणाली.

शमाने माझ्याकडे पाहिलं. मी नापास केलेल्या कोणत्याही मुलाने इतक्या शांतपणे पाहिलं नव्हतं.

"हा कार्बन," मी घाईने म्हणालो. "हिरासुद्धा कार्बनचाच असतो."

"मग हिरा दाखवा," काका म्हणाले.

एवढ्यात खांब एका बाजूला कलला. आते पुढे सरकली.

"कौल आसा हो तो. खंयच्या बाजून गेलो?"

मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली तर देवाचा होकार, डावीकडून पडली तर नकार. या कौलाविरुद्ध मी गावोगाव व्याख्यानं दिली होती. पाकळी सुकली की पडते, एवढंच. मी पुन्हा शमाकडे पाहिलं.

"उजवीकडे," मी म्हणालो.

"आमच्याकडून तर डावीकडे दिसतो," काका उठू लागले.

"कौलात उजवी बाजू देवाची धरतात. आणि देवघर माझ्या पाठीमागे आहे."

काका बसले. तोवर भटजीही आले.

शमाचा संसार छान चाललाय. माझी व्याख्यानं बंद आहेत. सोयरीक जमवायची असली की लोक थेट घरीच येतात. साखर आपापली आणतात.