साडेचार फुटांवरची जाळी

प्रियांकाचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू होत असे. अभ्यासासाठी नव्हे. आमच्या गावात बायकांना ओहोळाकडे जायला तेवढाच वेळ होता. साडेचारला वाशिंदच्या कारखान्याची पहिली पाळी गाठणारे बाप्ये मोटरसायकली काढत आणि वळणावर त्यांच्या दिव्यांचा उजेड नेमका ओहोळाच्या काठावर पडे. दिवा आला की बायका उठून उभ्या राहत. दिवा गेला की परत बसत.

तिची आई गिरजा माझ्याकडे बिगारी होती. सकाळी आठला घमेलं उचलायची आणि संध्याकाळी सहापर्यंत पाण्याचा थेंब घ्यायची नाही. मे महिन्यातही नाही. प्यायलं तर जायचं कुठे? मला वाटायचं, तिला तहान कमी लागते. अकरा वर्षं तसंच वाटत होतं.

मी गवंडी होतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्या. त्यांतल्या एका भिंतीची आणि प्रियांकाची ही हकीकत आहे.

१९९८ साली ग्रामपंचायतीनं बायकांसाठी चार संडासांची ओळ बांधायला काढली. जागा पाण्याच्या टाकीजवळ, बाप्यांच्या बसायच्या कट्ट्यासमोर. जागा मी ठरवली नव्हती. वाऱ्यासाठीच्या भोकांच्या जाळ्या मात्र मी बसवल्या. खताच्या गोदामाला बसवायचो तशा, बाहेरच्या जमिनीपासून साडेचार फुटांवर. भिंती झाल्यावर खड्डा खणताना खाली कातळ लागला. पाइपाला उतार मिळेना म्हणून आतली जमीन दोन फूट उचलली. म्हणजे आतून मोजलं तर जाळी अडीच फुटांवर आली. ती काढून खाली सहा थर चढवायचे तर दीड दिवस गेला असता. तो दीड दिवस मी दिला नाही.

पहिल्या दिवशी गिरजा चौदा वर्षांच्या प्रियांकाला घेऊन गेली. स्वतः वाहिलेल्या विटांचं काम, तिला कौतुक होतं. कट्ट्यावर सात-आठ जण बसलेले. जाळीत डोकं दिसलं तसा एक ओरडला, "वयनी, अजून टाइम हाय का? आमी थांबतो!" दुसरा म्हणाला, "पोरीला पन आनलीय रं." सगळे हसले. मी तिथेच थापी धूत होतो. मी हसलो का ते नक्की आठवत नाही. कुणाला गप्प केलं नाही, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून तिकडे कुणी फिरकलं नाही. महिन्याभरात आत युरियाच्या गोण्या आल्या, मग बकऱ्या. पावसाळ्यानंतर तिथून जाताना नाक धरावं लागे. कागदावर मात्र गावाची सोय झाली होती.

प्रियांका बारावीनंतर कल्याणला चित्रकलेच्या कॉलेजात गेली. सुट्टीत माझ्याकडे बिगारी म्हणून यायची. काम चांगलं होतं तिचं. पहिल्या आठवड्यात माल पातळ कालवला, दोनदा ओरडा खाल्ला, नंतर एकदाही नाही. डोक्यावर दहा विटा घेऊन परांचीवर चढायची आणि खाली न बघता उतरायची. मजुरी साठवत होती, शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी. फ्रेमा, रंग, कापड, सगळं ज्याचं त्यानं आणायचं असतं म्हणे.

२००४च्या एप्रिलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मी तिची वही उघडली. विचारून नाही उघडली. आत बायका होत्या. ओहोळावर बसलेल्या, लुगडं कमरेला खोचलेल्या, मांड्या, पाठी. घरामागच्या धोंड्यावर अंघोळ करणारी एक, आडोशाला साडी लावलेली. एक बाई विटाळाचं कापड धुऊन दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालतेय. एक पाठ मी ओळखली. डाव्या खांद्याखाली घमेल्याच्या कडेचा व्रण होता. गिरजाची पाठ.

मला किळस आली. वही टाकली. म्हटलं, "आईबापानं याच्यासाठी शिकवली तुला? ही घान काढायला?"

तिनं वही उचलली, धूळ झटकली. "काका, संध्याकाळी सुट्टी झाली की टाकीपाशी या. पाच मिन्टं."

गेलो. तिनं मला कट्ट्यासमोर उभं केलं. "तुमी इथंच रावा. मी आत जाते. काय दिसतं ते बोला."

आत गोण्या होत्या, लेंड्यांचा थर होता, माश्या होत्या. ती त्यातून वाट काढून भांड्यावर जाऊन बसली, अंगावर पंजाबी ड्रेस तसाच. जाळीच्या खालच्या भोकांत मला तिचे डोळे दिसले. सरळ माझ्या डोळ्यांत. मग ती हळूहळू उठली, जशी बाई कपडे सावरत उठते. जाळीत आता कंबर होती आणि कंबरेखालचं. दुसरं काही नाही. तोंड नाही, पाय नाहीत. बाईचं तेवढंच अंग दिसावं अशी चौकट मी माझ्या हातांनी, ओळंबा लावून, बसवली होती.

"बोला ना, काय दिसतंय?"

मी पाठ फिरवली. मी टाकीच्या मागे गेलो.

ती बाहेर आली, चप्पल दगडावर घासत म्हणाली, "मला ही जाळी बंद करून पायजे. प्रदर्शन जाऊ दे तिकडं."

दोनदा तिनं पंचायतीत अर्ज दिला. सरपंच हरेश. शिकलेला माणूस, बोलणं गोड. "निधी नाय गो यंदा. आन सहा वर्सं कोनी वापरलंच नाय तर दुरुस्ती कशाला? बायकांनाच उघड्यावर बरं वाटतं." दुसऱ्या वेळी अर्ज त्यानं चहाच्या ग्लासाखाली ठेवला. मी सोबत होतो. ओला गोल उमटला कागदावर.

मे महिन्यातल्या एका दुपारी, गाव लग्नाला गेलं असताना, प्रियांकानं ती भिंत रंगवली. माझ्याकडचं काळं ऑईल नेलं, शटरिंगच्या फळ्यांना लावतो ते, आणि कुटलेला कोळसा. कट्ट्याकडच्या बाजूला आठ बायका काढल्या, पुऱ्या मापाच्या. भिंत नसती तर जे दिसलं असतं ते. एक बसलेली, एक उठतेय, एक कापड बदलतेय, एक पोटुशी, भिंतीला हात टेकलेली. जिथे जाळी होती तिथे तिनं काहीच काढलं नव्हतं. उभ्या बायकांच्या कमरेवर बरोबर जाळी, बसलेल्यांच्या तोंडावर जाळी.

वऱ्हाड परतलं आणि बोंब झाली. जे सहा वर्षांपूर्वी तिथे बसून आत बघत हसले होते, ते माना फिरवून उभे राहिले. एकानं बायकोच्या डोळ्यांवर पदर ओढला. हरेश ओरडला, "आमच्या आयाबहिनी रस्त्यावर नागड्या केल्या हिनं!"

बायका मात्र बघत होत्या. गुणाबाई, सत्तरीची म्हातारी, काठी टेकत भिंतीपर्यंत गेली, बोटानं दाखवून म्हणाली, "ही मी. माझीच मांडी हाय ही, ढेकूळ बघ. गो प्रियांका, जरा बारीक काढायची व्हतीस!"

हसल्या त्या. बाप्ये हसले नाहीत. प्रियांकाचा बाप कोंडू तिच्याशी बोलायचा बंद झाला तो दिवाळीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी हरेशनं चुना मारून घेतला. सकाळी आठही बायका पिवळ्या-काळ्या होऊन वर आल्या. पुन्हा चुना मारला. पुन्हा आल्या, आता डागाळलेल्या, पहिल्यापेक्षा वाईट. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "तुला म्हाईत व्हतं?"

"तुमीच बोल्ला होता ना, फळीचं ऑईल चुन्याला जुमानत नाय म्हनून."

हरेशनं मला बोलावलं. मी खरं तेच सांगितलं. तेल मुरलेल्या भिंतीवर चुना धरत नाही. टाचे मारून, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून, गिलावा करावा लागेल, आणि जाळीवर गिलावा होत नाही, ती विटांनी भरावी लागेल. वारा यायला वर सात फुटांवर भोकं ठेवता येतील, आतली जमीन धरून.

"कर बंद मग!" तो म्हणाला. "उद्याच कर. आन खर्च तिच्याकडून घ्यायचा. गावाची भिंत खराब केली तिनं."

बायकांसाठी जी जाळी सहा वर्षं बंद झाली नाही, ती बाप्यांना लाज वाटली म्हणून एका वाक्यात बंद झाली. मला त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना. पण मी मान डोलावली आणि माप घ्यायला गेलो.

आधी आतली घाण काढायला हवी होती. कट्ट्यावरचा एकही हात पुढे आला नाही. गिरजा आणि प्रियांकानं दोन दिवस फावड्यानं खरवडलं, नाकाला फडकं बांधून. मग टाचे. छिन्नी-हातोडा मी प्रियांकाच्या हातात दिला. बिगारी तीच होती. इंचाइंचावर टाचा पाहिजे, नाहीतर गिलावा सुटतो. तिनं आठही बायका स्वतः फोडल्या. गुणाबाईच्या मांडीपाशी हात थांबला. मी म्हटलं, "खोल मार." तिनं मारला. दोन ठिकाणी उथळ वाटलं, ते मी परत करून घेतलं. माझी मजुरी धरायचा प्रश्न नव्हता. तो दीड दिवस माझ्यावर होताच. साडेतीन दिवस लागले.

कॉलेजात तिनं वहीतलीच चित्रं मोठी करून दिली, साध्या कागदावर, टाचण्यांनी लावून. बाकीच्यांच्या फ्रेमा होत्या. ती पास झाली, नंबर आला नाही. परीक्षक बाई म्हणे गिरजाच्या पाठीसमोर बराच वेळ उभ्या होत्या आणि मग पुढे गेल्या. आता प्रियांका मुरबाडकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते.

जाळी बंद झाल्यावर त्या संडासात पहिल्यांदा गेली गुणाबाई, भर दुपारी दोन वाजता. बाहेर येऊन कट्ट्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "झाली रं माझी! थांबला होता का कोनी?"

प्रियांकाच्या त्या उन्हाळ्याच्या मजुरीत दोनशे विटा आल्या, पाच गोण्या सिमेंट आणि टेम्पोभर रेती. थोडे पैसे उरले. त्यातून तिनं चार कड्या घेतल्या, दारांना आतून लावायच्या.