वीज कोणाची?

निर्मलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातपूरच्या एका ऑफिसात ऑर्डरसाठी गोड गोड बोलत बसलो होतो. फोन ठेवला आणि समोरच्या माणसाला म्हणालो, "आत्ता काही सांगता येणार नाही, ताईला विचारून कळवतो." मग भानावर आलो... महिना होत आला, पण ती सवय अजून जात नाही.

कॉलेजात ती माझ्या एक वर्ष पुढे, म्हणून ताई. पुढे अंबडला आम्ही दोघांनी मिळून शीतगृहं उभारायचा धंदा सुरू केला. ऑर्डर मी आणायचो, करार ती वाचायची. मी उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. ती ताकही फुंकून पिणारी. तिची वाचायची रीत आमच्या धंद्यात दुसऱ्या कुणाची मी पाहिली नाही. मसुदा आला की शेडमधली मशिनं बंद करायला लावायची, सगळ्यांना चहा सांगायची आणि ड्रिलिंग मशिनजवळच्या उंच स्टुलावर बसून एकेक कलम मोठ्यानं, साध्या मराठीत सांगायची. जे काम ज्याच्या हातून व्हायचं, त्यानं "हो, जमेल" म्हटल्याशिवाय पुढचं कलम नाही. आणि दरवेळी तिचा ठरलेला प्रश्न, "हे बिघडलं तर कोणाच्या अंगावर?" इंजिनिअर मीही होतो, पण मला फक्त लोखंड कुठे वाकेल ते दिसायचं. तिला करार कुठे वाकेल तेही दिसायचं.

दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाचं काम आलं, तोवरचं आमचं सर्वांत मोठं. मसुद्यात एक ओळ होती : शीतगृहातला माल कोणत्याही कारणानं खराब झाला, तर भरपाई आम्ही द्यायची. सगळेच असं लिहितात, मी म्हणालो, सही करून टाकू. ताईनं पेनाला टोपण लावलं. एका हंगामाचा माल गेला असता तर शेड, मशिनं, माणसांच्या नोकऱ्या, सगळंच गेलं असतं. गटाचे प्रमुख बाळासाहेब तावातावानं आले.

"ताई, तुमचा तुमच्याच कामावर भरवसा नाय का?"

"कामावर आहे. विजेवर नाही," ती शांतपणे म्हणाली. "यंत्र बिघडलं तर आम्ही बांधील. वीज आणि जनरेटर तुमचा. तेवढं लिहा, मी आत्ता सही करते."

ते उठून गेले. मी ताईवर असा चिडलो की काही दिवस आमचं बोलणंच बंद होतं. शेवटी बाळासाहेब परत आले, ओळ बदलली आणि काम झालं.

पुढच्याच वर्षी, ऐन हंगामात तिथली वीज गेली आणि जनरेटर सुरू होईना. सकाळी बाळासाहेबांचा फोन आला, त्यांना धड बोलताही येत नव्हतं. मी ताईला म्हणालो, "आपली जबाबदारी नाही. गेलो तर उद्या आपल्याच गळ्यात पडेल." ती तोवर शेजारच्या कारखान्याचा जनरेटर मागून ट्रकवर चढवून घेत होती.

"अरे, दोष आपला नाही हे लिहिलंय ना? म्हणून तर न घाबरता जाता येतंय. लिहिलं नसतं, तर मीसुद्धा आधी वकिलाकडे पळाले असते."

इतकी वर्षं मला वाटायचं, ती करार वाचते ते स्वतःला वाचवायला... दुपारपर्यंत खोल्या पुन्हा गार झाल्या, बराचसा माल वाचला. ती मात्र परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये बसल्या बसल्या झोपून गेली. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाबरोबर आपण रोज डबा खातो, याचं मला त्या दिवशी फार नवल वाटलं, आणि ते कधीच ओसरलं नाही.

गेल्या आठवड्यात एक नवा मसुदा आला. केबिनमध्ये एकटाच वाचायला बसलो. दोन-चार ओळी झाल्या असतील, बाहेरची मशिनं एकेक करून थांबली. जाऊन पाहिलं तर सगळे चहा घेऊन ड्रिलिंग मशिनपाशी जमलेले, मध्ये स्टूल रिकामं. त्यावर बसायची माझी छाती झाली नाही. उभ्यानंच वाचू लागलो. पहिलं पान उलटणार, तोच आमचे जुने वेल्डर रावसाहेब म्हणाले,

"थांबा साहेब. वीज कोणाची?"